आक्काच्या डब्यातलं तेल

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तिला ठाऊक आहे ती दुसरीच — किसननं मला दगा दिला, ती. वाटूरच्या फाट्यावर मी वर्षानुवर्षं तीच सांगत आलो. ज्याला तेलाचा घाणा चालवायला मी शिकवलं, तो एका सकाळी निघून गेला आणि समोरच स्वतःचा घाणा टाकून बसला. माझी निम्मी गिऱ्हाइकं नेली. आजही त्याचं पत्र्याचं छप्पर दिसलं की माझं डोकं फिरतं. दगाच नाही का हा?

पण त्या सकाळी काय झालं, ते मी सांगत नाही.

आमच्याकडे माणूस आपली करडी घेऊन येतो आणि तेल डब्यात पडेपर्यंत घाण्यापाशी बसून राहतो. रीतच आहे ती. फक्त माझी थोरली बहीण, आक्का, बसायची नाही. "भावाच्या घाण्यावर पहारा काय देऊ?" म्हणायची आणि पोतं टाकून बाजारात जायची. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. अंगानं फार सुटली होती, त्यात साखर. जालन्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं — तेल थोडं खा, तेही करडीचं. पाम तेल बंद. नाहीतर लोखंडाला गंज चढतो तसं शरीर आतून खराब होईल.

हे मला माहीत होतं. तरीही — तिच्या डब्यात मी निम्मं पाम तेल ओतत होतो. तिचं करडीचं तेल चढ्या भावानं दुसरीकडे जायचं. तिच्याच डब्यात का? बाकीचे समोर बसलेले असायचे, म्हणून. जी विश्वास ठेवत होती तिलाच फसवता येत होतं — एवढं साधं. मनाला सांगायचो, पाम तेल देणारा ठोक व्यापारी म्हणालाच होता ना, "फळाचं तेल हाय शेठ, फळानं कुणी मरतं का?"

पौषात थंडी पडली आणि तेल थिजलं. करडीचं तेल थिजत नाही, हे आमच्याकडे कुणालाही कळतं. आक्का डबा घेऊन एसटीनं आली. चार गिऱ्हाइकांसमोर झाकण उघडलं. "बापू, म्या करडी दिल्ती, हे लोणी कसं निघालं रं?"

ती हसतच होती. मी वळलो आणि किसनच्या कानाखाली वाजवली. "ह्याचंच काम हाय हे!"

किसनला सगळं ठाऊक होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग आक्काकडे. "चुकलो, आक्का." एवढंच बोलला आणि गेला.

त्यानंतर मी सुधारलो? नाही. पाम तेल फक्त थंडीत बंद ठेवलं. होळी झाली की पुन्हा चालू.

काही वर्षांनी मीच तिला दवाखान्यात नेलं. वजन आणखी वाढलेलं, पायाची जखम भरत नव्हती. तेलानंच झालं का? मला सांगता येणार नाही — आणि त्या आडोशाला मला उभंही राहायचं नाही. डॉक्टर चिडले, तुम्ही पथ्य पाळत नाही म्हणाले.

"पाळते की," आक्का म्हणाली. "निव्वळ करडी खाते. भावाच्या घाण्याची. इचारा त्याला."

डॉक्टर माझ्याकडे वळले.

मी म्हणालो, "आक्का, खाताना जिभेला जरा आवर घाल."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून डॉक्टरांना म्हणाली, "चुकलं माझं."