दोन किलो हवा

शहाद्याच्या कापूस बाजारात चुडामण पाटील मापाडी होता. त्याच्या काट्यावर माल घालायला व्यापारीही भीत आणि शेतकरीही, कारण तो कुणाचाच नव्हता. सख्ख्या भावाच्या गाडीतला, वजन वाढावं म्हणून पाणी मारलेला ओला कापूस त्याने चार लोकांदेखत उपसून बाहेर काढला, तेव्हापासून भावाच्या घरचं बोलावणं बंद झालं. बायको कौसाबाई त्याला भाजी आणायला पाठवतच नसे. तो भाजीवालीचा तराजू उलटा करून बघे, आणि पुढे आठवडाभर कौसाबाईला कुणी वांगी देत नसे.

त्रेसष्ट साली तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांनी मिळून नदीचं पाणी उपसून शेताला द्यायची सोसायटी काढली. नवाकोरा पंप आणला. उद्घाटनाच्या दिवशी तो तराफ्यावर चढवला, त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि टाळ्या चालू असतानाच तराफा कलंडून पंप डोहात गेला. हार तेवढा वर तरंगत राहिला. चेअरमन शांतीलालभाईंनी भाषण मात्र पूर्ण केलं; ते लिहून आणलेलं होतं.

पंप काढायला मुंबईहून नौदलातून निवृत्त झालेले एक पाणबुडे साहेब आले. पाठीवर हवेची टाकी बांधून ते डोहात उतरले, पंप सापडल्याचं सांगत वर आले, आणि टाकीतली हवा संपली. ती पुन्हा भरून मिळणार मुंबईलाच. त्यात साहेबांचा पाय काठच्या चिखलात मुरगळला. "पाण्यात उतरेन," ते म्हणाले, "पण आगगाडीत चढणं जमायचं नाही."

टाकी भरून आणायला भरवशाचा माणूस हवा होता. सगळ्यांनी एकमुखाने चुडामणचं नाव घेतलं.

"हवा लेवाले मुंबई?" चुडामण भोवती हात फिरवत म्हणाला. "आठे हवा कमी शे का?"

साहेबांनी समजावलं, की ही हवा दाबून भरलेली असते. दाबाच्या मापयंत्राचा काटा दीडशेवर आला म्हणजे टाकी भरली. आणि अशा हवेला वजन असतं, पुरते दोन किलो, वर थोडी.

वजन असतं हे ऐकताच चुडामण सावरून बसला. त्याने आपला काटा मागवून रिकामी टाकी तिथल्या तिथे तोलली. चौदा किलो भरली.

नंदुरबार स्टेशनावर तिकीट तपासनिसाने टाकीवर बोट ठेवलं. "आत काय आहे?"

"काही नाही," चुडामण म्हणाला.

"मग मुंबईला काय घेऊन चाललात?"

"हेच."

मुंबईत गोदीजवळच्या दुकानदाराने टाकीला नळी लावली आणि दहा मिनिटांत काटा दीडशेवर नेऊन दाखवला. टाकी तव्यासारखी तापली होती. चुडामणने ती धोतराच्या सोग्यात धरून उचलली आणि परतीची गाडी पकडली.

काठावर साहेबांनी आपलं मापयंत्र लावलं. काटा सव्वाशेवर थांबला.

सगळी सोसायटी चुडामणकडे बघू लागली. "वाटेत कुणाला दिली का?" शांतीलालभाईंनी हळूच विचारलं. एकाने टाकीच्या तोंडाशी वाकून वास घेतला. वीस वर्षांत चुडामणच्या मापावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. त्याचा चेहरा काळवंडला. त्याने टाकी काट्यावर ठेवली: पंधरा किलो आठशे. हवा पावणेदोन किलोच्या जरा वर, आणि दोनाला कमी.

"तुमचा दोष नाही," साहेब म्हणाले. "घाईने भरली की हवा तापते, फुगते, काटा वर चढतो. थंड झाली की खाली बसते."

चुडामणने गार पडलेल्या टाकीवर हात ठेवून पाहिला. मग म्हणाला, "म्हणजे ओला कापूस!"

"तसंच समजा. पण एवढी हवा मला पुरेल." साहेबांनी टाकीकडे हात केला.

चुडामणने टाकी मागे ओढली.

"पुरी जाई," तो म्हणाला, "पन माप कमी शे."

शांतीलालभाई ओरडले, साहेबांनी हात जोडले. पिकं सुकत होती, पंप डोहात होता, आणि चुडामण खांद्यावर टाकी टाकून पुन्हा मुंबईच्या वाटेला लागला होता. या खेपेला पिशवीत टांगून तोलायचा ताणकाटा होता.

दुकानात त्याने पाण्याचं पिंप मागितलं. टाकी त्यात उभी करवली आणि हवा सावकाश भरायला लावली. दीडशेवर काटा आल्यावर दुकानदार नळी काढू लागला, तर चुडामणने त्याचा हात धरला. "थंड होऊ द्या." काटा उतरला. पुन्हा भरली. पुन्हा उतरला. दुपार कलली तेव्हा काटा जागचा हलेना. चुडामणने टाकी उपरण्याने कोरडी केली, कारण अंगावरचं पाणीही वजनात येतं, आणि ताणकाट्याला अडकवली. सोळा किलो, वर थोडी.

"पंधरा वर्षं हवा विकतोय," दुकानदार घाम पुसत म्हणाला, "तोलून नेणारा तुम्ही पहिलेच."

"बाकीचे कसे नेतात?" चुडामणने खरोखरच्या काळजीने विचारलं.

तो परतला तेव्हा पंप काठावर उन्हात वाळत होता. डोंगरातून आलेल्या जामसिंग नावाच्या मासेमाराने श्वास कोंडून तीन बुड्या मारल्या, दोर बांधला, आणि सहा बैलजोड्यांनी पंप ओढून काढला होता. हवा आता कुणालाच नको होती.

चुडामण हटला नाही. साहेबांना मापयंत्र लावायला लावलं. काटा बरोबर दीडशे. साहेबांनी मुरगळलेल्या पायावर उभं राहून त्याला सलाम ठोकला.

"पण हिचं करायचं काय?" शांतीलालभाईंनी विचारलं.

शेवटी मुंबईची हवा कशी लागते ते बघायला सगळ्यांनी रांग लावली. माणशी पाच श्वास. जामसिंगला चुडामणने दहा दिले. कौसाबाईने पदर सावरून पाच श्वास घेतले, नळी परत दिली आणि म्हणाली, "येले काहीच चव नही."

पुढच्या वर्षी साहेबांना गुजरातेत एका धरणाचं काम मिळालं, तेव्हा त्यांनी चुडामणला बोलावून घेतलं. पाण्याला तो जन्मभर भ्याला. चार वर्षं तिथे काठावरच बसून हवा भरत राहिला. भरलेल्या टाक्या सावलीत उभ्या करी आणि निवेपर्यंत कुणाला हात लावू देत नसे. पाणबुडे कुरकुरत, त्याच्या नावाने बोटं मोडत. पण तो रजेवर गावी गेला, की त्यांच्यातलं कुणीच पाण्यात उतरायला राजी नसे.