आपली खालच्या बाजूला

मी घरात फार बोलत नाही. पण एका संध्याकाळी तासभर फोनवर बोलले आणि असा घोळ घातला, की सांगताना अजून कान तापतात. हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा!

लग्नाच्या बायोडाटात माझे छंद दोनच होते, वाचन आणि रांगोळी. टाईप करणाऱ्या मामेभावाला ते फारच रिकामं वाटलं. त्याने तिसरा घातला: टेनिस पाहणे. आमच्या कळमनुरीत हे कोण तपासायला बसलंय?

सासराच बसला होता! मामंजी, म्हणजे माझे सासरे, शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे मास्तर. सेनगावजवळच्या आमच्या अख्ख्या गोरेगावात सांगत फिरले, "सून टेनिसवाली आणली!" मी पदर सावरून मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

लग्नाला महिना होतो न होतो तोच लाल मातीवरची ती मोठी स्पर्धा सुरू झाली. मामंजींची एक लाडकी खेळाडू. तिचं नाव ते कधीच घेत नाहीत, नुसतं 'आपली'. समोर कोणीही असो, ती 'दुसरी'. मी स्वयंपाकघरातून त्यांच्या आवाजावर कान ठेवून 'अरेरे' आणि 'वा' बरोबर वेळेवर म्हणायची.

आपली अंतिम सामन्यात पोचली. आणि नेमका त्याच संध्याकाळी मामंजींच्या मित्राच्या पोराचा सेनगावला साखरपुडा! बाहेर जीप हॉर्न देतेय, मामंजी टीव्हीपुढून हलेनात.

"सूनबाई, तुला तर सगळं कळते. ती बघ, खालच्या बाजूची, ती आपली. मला फोनवर सांगत राह्य."

सासऱ्यांनी विश्वासाने सांगितलेलं पहिलं काम! चुकलं तर तो तिसरा छंद उघडा पडणार. मी डोळे पडद्याला चिकटवले. दोघींचे झगे एकाच ताग्यातून शिवल्यासारखे, वेण्याही तशाच. पण मला कसली भीती? आपली खाली, दुसरी वर. झालं!

"मामंजी, आपली हाणून राहिली!"

"शाबास!" फोनमध्ये त्यांच्या मागून साखरपुड्याची सनई.

थोड्या वेळाने खालचीचे सगळे चेंडू जाळीत. "मामंजी, आपली घसरली." मग पुन्हा सावरली. मग पुन्हा घसरली.

"असं काहून करून राहिली ही?" सासूबाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या. "लेकरू उपाशी हाय वाटते."

शेवटी एकदाची खालची जिंकली आणि मातीत आडवी झाली. मी ओरडले, "मामंजी! आपली जिंकली!" आणि टीव्ही तसाच सोडून शिरा भाजायला धावले.

तिकडे मामंजींनी मंडपातला माईक ओढला. "मंडळी, आपली पोरगी जिंकली!" लोकांना वाटलं, ह्यांची लेक कुठल्या तरी निवडणुकीत निवडून आली. टाळ्यांचा कडकडाट! मित्राने तिथेच टॉवेल-टोपी देऊन सत्कार केला.

तीच टोपी घालून मामंजी घरी आले. टीव्हीवर बातम्या चालू होत्या.

"चषक दुसरीच्या हातात काहून?"

मी शिऱ्याची ताटली पुढे करत म्हणाले, "धरायला दिला असेल थोडा वेळ."

मामंजींनी आधी ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पोरी, दर दोन डावांनी त्या बाजू बदलतात. ठाऊक हाय ना?"

नव्हतं! मी मामेभावासकट सगळं कबूल केलं. मामंजींनी हळूच टोपी काढली. सासूबाई तोंडाला पदर लावून हलत होत्या.

"उद्या पुरुषांचा सामना हाय," मामंजी म्हणाले. "समोर बसायचं. पहिल्यापासून शिकवतो."

बसले. दहा मिनिटं ते समजावत होते, मी मान हलवत होते. आणि एकदम दोन्ही खेळाडू खुर्च्यांकडे निघाले. आता आपल्याला कळतं, हे दाखवायची हीच वेळ! मी टाळ्या पिटत उठले, "मामंजी, आपला जिंकला!"

मामंजींनी कपाळाला हात लावला.

"बस खाली, पोरी. पाणी प्यायला गेले ते. आन् तो आपला न्हाई."