घरटी एक माणूस

रविवार, २४ ऑक्टोबर १९९९. रक्कम पाचशे एक रुपये. हजर माणसं: मंडई कमिटीचे अध्यक्ष, म्हणजे गावचे जुने पाटील, पावतीपुस्तक घेतलेले निवृत्त गुरुजी, गावचा कोतवाल, आणि आमच्या घरातून मी, माझी बायको आणि म्हातारी आई. पैसे मी दिले. एवढे कोणी मागितले नव्हते.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या या गावात दिवाळीनंतर मंडई भरते. दिवसा बाजार आणि गोवाऱ्यांचा नाच, रात्री दंडार, म्हणजे गावातल्याच मंडळींचं नाच-गाण्याचं नाटक. घरोघरी पाहुणे येतात, पोरींची लग्नं ठरतात. खर्चासाठी गाव प्रत्येक घरावर सारखी वर्गणी बसवतं. त्या वर्षी ती चाळीस रुपये होती. घर कुडाचं असो की माडीचं, चाळीसच. बाहेरून आलेल्यांना, म्हणजे बँकेचे साहेब किंवा दवाखान्याच्या नर्सबाई यांना, मात्र आकडा सांगत नाहीत. त्यांच्याकडून खुशीने घेतात.

मी चाळीस रुपये मोजून ओट्यावर उभा होतो. गुरुजींनी पेनाचं टोपण काढलं. "तुमचं खुशीनं लिवतो, बाबूजी."

"खुशीनं कायले, गुरुजी? चाळीस आहेत ना?"

"चाळीस गाववाल्याईले. तुमाले जबरदस्ती नाही."

अध्यक्ष हसले. "तुमी पाहुने मानूस. तुमच्याकडून वसुली करू का आमी?"

ते चांगल्या मनाने बोलले, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी लागलं. मी आत गेलो आणि पाचशे एक घेऊन आलो. मोठी रक्कम दिली की माणूस गावात मोजला जातो, असा माझा हिशेब होता.

आम्ही १९६४ साली पूर्व पाकिस्तानातून आलो. मी पाच वर्षांचा होतो. काही दिवस रायपूरकडच्या छावणीत काढले, मग सरकारने इथं जंगलाच्या कडेला वसवलं. त्या वस्तीला सगळे बंगाली कॅम्प म्हणतात. पस्तीस वर्षं झाली, पक्की घरं झाली, नातवंडं झाली, तरी कॅम्पच. मी मराठी शाळेत शिकलो. हिशेब मराठीत करतो, रागावलो की शिव्याही मराठीतच येतात. तिकडचं मला काहीच आठवत नाही. आई तिच्या नदीबद्दल बोलायची तेव्हा मी मान हलवायचो. आठवत नाही म्हटलं तर तिला वाईट वाटायचं. आणि कॅम्पातला नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न विचारायचा, "देश कोथाय?" तुमचा देश कुठला? मी वडिलांकडून ऐकलेलं जिल्ह्याचं नाव सांगायचो. पाठ केलेलं उत्तर होतं ते.

तलावात सोडायचं मासळीचं बी, म्हणजे माशांची बारीक पिल्लं, विकणं हा माझा धंदा. गिऱ्हाईक सगळं गावांकडचं, म्हणून १९९९ च्या मार्चमध्ये कॅम्पपासून सहा किलोमीटरवर या गावात जागा घेऊन घर बांधलं. त्याच वर्षी मे महिन्यात भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. मी गुरुजींना म्हणालो होतो, "आता तुम्हीही नव्या जिल्ह्यात आलात, माझ्यासारखे." ते म्हणाले, "आमी नाही आलो जी. जिल्हाच आमच्याकडं आला."

मंडईच्या दिवशी भोंग्यावरून तीनदा जाहीर झालं, बंगाली बाबूजींकडून पाचशे एक रुपये. चाळीस देणाऱ्या घरांची नावं भोंग्यावर येत नाहीत. ती यायची गरजच नसते. मला पुढे नेऊन खुर्चीवर बसवलं, एका बाजूला बँकेचे साहेब, दुसऱ्या बाजूला नर्सबाई. माझे शेजारी मागे जमिनीवर पोती अंथरून मुरमुरे खात बसले होते, एकमेकांना ढकलत, मोठ्याने हसत. मी सारखा मागे वळून बघत होतो. शेवटी साहेबांनी विचारलं, "कोणाला शोधताय?"

घरी आल्यावर बायको म्हणाली, "काय, खुर्ची मऊ होती का?"

दुसऱ्या वर्षी मी हट्टाने चाळीसच दिले. पावती आली ती 'खुशीने, रु. ४०' अशी. वर गावात बोलणं झालं की बाबूजींचा धंदा बसून राहिला आहे. तरी मी पुढे दरवर्षी चाळीसच देत राहिलो. कोणी जास्त मागितले नाहीत, मी विचारलं नाही.

याच सुमारास कॅम्पातही एक गोष्ट झाली. तिथे दुर्गापूजेची वर्गणी कुटुंबामागे ठरलेली असते. मी द्यायला गेलो तर मांडवातला एक ओळखीचा म्हणाला, "दादा, तुम्ही आता गावचे झालात. मनाला येईल ते द्या." त्याला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं.

मग माझं बसणं-उठणं बिघडलं. गावात असलो की कॅम्पात चक्कर मारावीशी वाटायची. तिथे जाऊन चहा होतो न होतो तोच परत निघायचो. बायको म्हणायची, "पाय एका जागी ठेव, नाहीतर सायकल तरी वीक." २००३ मध्ये आई गेली. गावच्या घाटावर न्यावं की नाही, हे विचारायला मी कोणाकडे गेलोच नाही. नाही म्हणाले तर, ही भीती. सरळ कॅम्पात नेलं. गावातली बरीच माणसं सहा किलोमीटर आली. माझा शेजारी, भातशेती करणारा तापट माणूस, परतताना म्हणाला, "इथवर कायले आनलं जी बुढीले? आपला घाट काय वाईट होता?" मी ते बोलायचं म्हणून बोलणं समजलो.

२००६ च्या पावसाळ्यात मी घर विकायचं ठरवलं. बायकोला कॅम्पात परत जायचं होतं. तिच्या बहिणी तिथे, बोलायला भाषा तिथे. गोंदियाचा एक व्यापारी गोदामासाठी घर घ्यायला तयार झाला. त्याने पाच हजार बयाणा दिला. दिवाळीनंतर कागद करायचे ठरले. बायको भांडी निवडायला लागली.

ऑक्टोबरमध्ये कोतवालाची दवंडी झाली. "ऐका हो गावकऱ्याहो, रविवारी मंडईचा मैदान साफ कराचा हाये, घरटी एक मानूस, इळा-फावडा घेऊन याचं हो!" पावसाळ्यात त्या मैदानावर कमरेइतकं तरोट्याचं तण वाढतं. ही दवंडी मी सात वर्षं ऐकत होतो. गावकऱ्यांसाठी असते म्हणून सात वर्षं घरातच बसत होतो. त्या रविवारीही अंगणात बी मोजत बसलो.

संध्याकाळी चौघे आले. अध्यक्ष, गुरुजी, कोतवाल आणि तो तापट शेजारी. शेजाऱ्याचे हात तरोट्याच्या रसाने हिरवे झाले होते.

"पन्नास रुपये दंड हाये," अध्यक्ष म्हणाले.

"कसला दंड?"

"मानूस नाही पाठवला तुमी."

"मला कोणी बोलावलं नाही."

कोतवाल भडकला. "तुमच्या दारासमोर उभा राहून बोंबललो ना मी! बहिरे हा का?"

"तुम्ही गावकरी म्हणालात."

"मंग दोनशे घराईले नाव घेऊन बलाऊ? तुमाले अक्षता देऊ?"

शेजारी माझ्याकडे न बघता अध्यक्षांना म्हणाला, "इच्चारा त्याले, याले सूट काऊन? सात वर्स झाले घर बांधून. माया पोराले ताप होता तरी मी आलो. याच्या वाटचा पट्टा बी मीच कापला. अन् वर्गनी? घरटी शंभर झाली, हा अजून चाळीसच देऊन राहिला. याचं असं चालते तं पुढच्या सालापासून माया घरचाही मानूस नाही येनार, सांगून ठेवतो."

मी म्हणालो, "शंभर झाली हे मला कोणी सांगितलं नाही."

"तुमी इच्चारलं?"

मी गुरुजींकडे वळलो. "मग इतकी वर्षं दंड का नाही घेतला?"

गुरुजी जरा ओशाळले. "पैल्याच साली पाचशे एक देल्ले तुमी. अशा मानसाच्या हातात फावडा कसा द्याचा? आमाले वाटलं, तुमाले आवडनार नाही."

"खुशीने तुम्हीच लिहिलंत."

"तवा तुमाले येऊन सात महिने झाले होते, बाबूजी. राहता का जाता, कोनाले मालूम?"

बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती. भांडावंसंही वाटत होतं आणि आनंदही होत होता, आणि दोन्हींपैकी खरं कोणतं ते कळत नव्हतं. शेजाऱ्याला माझ्याबद्दल प्रेम नव्हतं. त्याला फक्त त्याच्याइतकंच काम माझ्याही अंगावर हवं होतं. सात वर्षांत माझ्याशी इतकं सरळ कोणी बोललं नव्हतं.

मी वर्गणीचे शंभर रुपये गुरुजींना दिले. पावतीवर त्यांनी या वेळी फक्त घरवर्गणी लिहिलं. दंडाचे पन्नास अध्यक्षांनी घेऊन सरळ शेजाऱ्याच्या हातात ठेवले, तेव्हा कळलं की दंड कमिटीकडे जात नाही. ज्याने तुमच्या वाटचं काम केलं त्याला तो मिळतो. शेजाऱ्याने पन्नासची नोट हिरव्या बोटांनी उजेडात धरून पाहिली आणि खिशात टाकली. "पुढच्या साली इळा धार करून आना," म्हणाला.

ते गेल्यावर मी बायकोला म्हणालो, "घर विकायचं नाही."

"पन्नास रुपयांच्या दंडावरून?"

"हो."

"आणि मला कुठे मोजलं यांनी? घरटी एकच माणूस. तो तू." मग ती आत गेली. निवडलेली भांडी तिने चार दिवस फळीवर परत लावली नाहीत.

मी गोंदियाला गेलो. घर विकत नाही, बयाणा परत करतो, हे व्यापाऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, ज़बान दी थी आपने. मेरा चार महीने का सीज़न गया." त्याचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून घासाघीस केली नाही. बुधवार, १८ ऑक्टोबर २००६ रोजी त्याच्या दुकानात, त्याच्या मुनिमासमोर, बयाण्याचे पाच हजार आणि शब्द मोडल्याबद्दल वर एक हजार, असे एकूण सहा हजार रुपये रोख त्याला दिले.