बाबांचं गाऱ्हाणं आणि नवी डिस्क

आमच्या लालबागच्या घरात कॉम्प्युटर आला, तेव्हा बाबांची गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. पण दसऱ्याला मागाला हळदकुंकू लावायची सवय काही सुटली नव्हती. मग ते कॉम्प्युटरचा डबा उघडायचे, आतल्या हार्डडिस्कवर कुंकवाचं बोट टेकवायचे, झेंडूचं फूल ठेवायचे आणि हात जोडून मालवणीत गाऱ्हाणं घालायचे. "देवा म्हाराजा, या मशिनाक काय वाकडा-तिकडा झाला आसात, तर ता सरळ कर म्हाराजा!" मग त्यांचा एक खोकला. मग आई आणि मी, "व्हय म्हाराजा!"

एका वर्षी मी गंमत म्हणून त्याच कॉम्प्युटरवर ते रेकॉर्ड केलं. बाबा गेले आणि गंमत संपली. दर दसऱ्याला आई मशीनसमोर बसायची, मी आवाज लावायचे आणि ती त्यांना उत्तर द्यायची. मोबाईलवर घ्यायचं आम्हाला सुचलंच नाही. मशीनचं गाऱ्हाणं मशीनसमोरच ऐकायचं ना!

यंदा दसरा तोंडावर आला आणि मशीन सुरूच होईना. आतून नुसतं टक टक. दादरच्या दुकानात घेऊन गेले.

"हार्डडिस्क गेली, ताई. एसएसडी टाका, ही नव्या प्रकारची डिस्क. जुनं मशीन आहे, पण चालेल. पळेल एकदम."

"मला पळवायचं नाहीये. जास्त टिकेल ती द्या."

"ठेवायचंय काय त्यात?"

"एक आवाज. मिनिटभराचा."

"मग सगळ्यात छोटी पुरे की."

माझं डोकंच फिरलं. छोटी म्हणे! मी हट्टाने मोठी घेतली.

जुनी डिस्क दुकानदाराने हातात घेतली. तिच्यावर कुंकवाचा जाड थर, आणि नेमका एका बारीक भोकावर. "हे भोक बंद करू नका, असं लिहिलंय की इथे. हे बुजलं, म्हणून डिस्क आतल्या सगळ्यासकट गेली," तो म्हणाला. लिहिलं होतं इंग्रजीत. बाबांना वाटलं असणार, टिळ्याची जागा हीच. अहो बाबा, काय हो केलंत हे! भर दुकानात मला रडू फुटलं. डिस्कमधलं परत काढून देणाऱ्यांकडेही गेले. त्यांनीही हात वर केले.

घरी सांगायचा धीर होईना. दसऱ्याच्या सकाळी मी डबा उघडला, नव्या डिस्कला कुंकू लावलं, फूल ठेवलं. आई पदर सावरून बसली. "लाव गो आवाज."

"आई, बाबांचा आवाज गेला. परत नाही येणार."

तिने नव्या डिस्कवरचं फूल सरळ केलं. मग म्हणाली, "मगे तू घाल गाऱ्हाणा."

मी हात जोडले. कसंबसं एवढंच बोलले, "या मशिनाक काय वाकडा-तिकडा झाला आसात, तर ता सरळ कर म्हाराजा."

आई बाबांच्या खोकल्यापुरती थांबली. मग म्हणाली, "व्हय म्हाराजा."