दुसरी सही

आमच्या खोलीला खिडकी एकच आणि खिडकीजवळचं टेबल माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलीचं. ती माझ्यानंतर दोन महिन्यांनी रुजू झाली, तरीही. टेबल तिने मागितलं नव्हतं. पहिल्या दिवशी आली, पर्स तिथे ठेवली आणि ते तिचं झालं. मी आधीचे दोन महिने दाराजवळच्या टेबलावर बसत होते, कारण तिथेच बसायचं असेल असं मला वाटलं होतं.

रत्नागिरीतल्या एका खासगी रुग्णालयात विम्याचे कागद बघणारी ही खोली. शस्त्रक्रिया झाली की सर्जनची नोंद आमच्याकडे येते. ती वाचून नेमकी कोणती शस्त्रक्रिया झाली त्याचा ठरलेला कोड आम्ही लावतो. विमा कंपनी कोड आणि नोंद शेजारी ठेवून बघते. जुळलं तर मंजुरी येते. नाही जुळलं तर फाइल परत येते आणि बरा झालेला पेशंट कपडे बदलून, पिशव्या भरून कॉटवर बसून राहतो. म्हणून आमच्या मॅडमनी नियम घालून दिला होता. एकीने कोड लावायचा, दुसरीने पूर्ण नोंद वाचून खाली सही करायची.

तिचे वडील डॉक्टर, घर रत्नागिरीतच, मांडवीला. अवयवांची इंग्रजी नावं ती भाजीची नावं घ्यावीत तशी घेई. मी लांज्याकडच्या गावातली, दहावीपर्यंत मराठी शाळेतली. ‘पॅन्क्रिआस’ हा शब्द मी वसतिगृहाच्या बाथरूममध्ये नळ सोडून म्हणून बघितला होता. मात्र तो अवयव कुठे असतो हे मला सातवीपासून ठाऊक होतं. आमच्या सरांनी फळ्यावर जठर काढून त्याच्या मागे आडवं पान काढलं होतं आणि म्हणाले होते, हे स्वादुपिंड, लपून काम करणारं. त्या सरांनीच पुढे माझा कॉलेजचा फॉर्म स्वतः आणून भरून घेतला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण सर्जनना ती ‘काका’ म्हणायची आणि मी ‘सर’ म्हणून दारात उभी राहायचे, तेव्हा ते उपकार आठवूनही मला काही बरं वाटत नसे.

त्या महिन्यात मॅडमनी सांगितलं होतं की शस्त्रक्रियांच्या सगळ्या फाइली आता दोघींपैकी एकीकडे, हुद्द्यासकट, सोपवायच्या आहेत. तिच्यासाठी ते एक जास्तीचं काम होतं. माझ्या घरात मात्र तोवर कुणाच्याच नावाखाली हुद्दा लिहिला गेला नव्हता. मुंबईत हॉटेलच्या भटारखान्यात काम करणाऱ्या माझ्या बाबांनी तो हुद्दा मलाच मिळाल्याची बातमी काही ठरण्याआधीच सोबत्यांना सांगून टाकली होती.

अशात एका खलाशाची फाइल आली. हेदवीकडचा माणूस. बोटीवर जाळं ओढताना यंत्राचा दांडा पोटात बसला होता आणि स्वादुपिंड फाटलं होतं. तीन आठवड्यांनी त्याला घरी सोडायचं ठरलं. कोड लावायची पाळी तिची होती, दुसरी सही माझी.

आमच्या सर्जनना एक सवय आहे. नोंदीचं शीर्षक ते थिएटरात जाण्याआधी लिहून ठेवतात, म्हणजे जे करायचं ठरलंय ते. आत पोट उघडल्यावर प्रत्यक्षात जे करावं लागलं ते खाली मजकुरात येतं. शीर्षक बदलायला ते विसरतात. म्हणून मॅडम सारख्या म्हणायच्या, शीर्षक वाचून कोड लावायचा तर शिपायालाही बसवता येईल.

शीर्षकात होतं, फाटलेल्या स्वादुपिंडाची शिवण. तिने त्याचा कोड लावला आणि चहा घ्यायला गेली. मी मजकूर वाचला. स्वादुपिंड शिवलं होतंच, पण शेजारच्या आतड्यालाही मार बसलेला दिसल्यावर सर्जननी जठराचं आतड्याकडचं तोंड बंद करून जठर खालच्या आतड्याला जोडलं होतं. जखम भरेपर्यंत अन्न दुसऱ्या वाटेने जावं म्हणून. ही निराळी, मोठी शस्त्रक्रिया, आणि तिचा कोडही निराळा.

मी दोनदा वाचलं. मग तिचा चुकीचा कोड तसाच ठेवून खाली सही केली.

तेवढ्यावर थांबले नाही. दुपारी वॉर्डाच्या बाहेर त्या खलाशाची आई भेटली आणि डॉक्टरांनी नक्की काय केलं, असं तिने विचारलं. मी तिला हाताच्या तळव्यावर बोटाने काढून सगळं समजावलं, अन्नाची नवी वाटसुद्धा. म्हातारी माझा हात सोडेना. म्हणाली, “एवढं कोणी सांगितलान नाय, बाय. शिकलीस ती कामाला आली.”

तीन वाजता फाइल परत आली. कोड आणि नोंद जुळत नाहीत. सर्जन थिएटरात होते. नवा कोड, त्यांची सही, पुन्हा पाठवणं, यात संध्याकाळचे सात वाजले. खाडीपलीकडे गावी जायला जयगडची फेरीबोट गाठायची म्हणून ठरवलेला गाडीवाला पाचलाच निघून गेला होता.

मॅडमनी विचारलं तेव्हा ती लगेच म्हणाली, चूक माझी, मी शीर्षकावर गेले. दुसऱ्या सहीचं तिने नावही काढलं नाही. मॅडमही माझ्याकडे न बघता गेल्या. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट मला तिचा आणखीच राग आला. चूक इतक्या सहज कबूल करायची तर पाठीशी मांडवीचं घर लागतं, असं मी मनात म्हटलं.

पर्स उचलताना ती थांबली.

“तू वाचली होतीस ना?”

मी संगणक बंद करत राहिले.

“तुझ्या नजरेतून सुटत नाही, म्हणून विचारते. त्या भरवशावरच मी चहाला गेले.”

“वाचली होती,” मी म्हटलं.

तिने खिडकी लावली आणि गेली.

मी वॉर्डात गेले. लेक कॉटवर झोपला होता आणि त्याची आई खाली चटईवर बसली होती, बांधलेल्या पिशव्यांना टेकून. मला बघून सरकली आणि जागा करून दिली. मी बसले. तिला वाटलं मी चौकशीला आले. म्हणाली, “गाडीवाल्यान सांगितलान, उद्या दुपारी येतो. जाऊ दे. तुझी काय चूक त्यात?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमच्या खोलीत गेले आणि या वेळी दारात थांबले नाही. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “कोड चुकला असता तर शिकवला असता. याचं काय करू?” फाइली तिच्याकडे गेल्या. दुसरी सही सहा महिन्यांसाठी माझ्याकडून काढून मॅडमनी स्वतःकडे घेतली. बाबांना मी फोनवर एवढंच सांगितलं की तिला मिळालं, ती हुशार आहे. ते म्हणाले, पुढच्या वेळी. सोबत्यांना त्यांनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

आठवडाभर आम्ही कामापुरतं बोललो. मग एकदा मॅडमकडे न्यायच्या आधी तिने एक फाइल माझ्या टेबलावर सरकवली आणि म्हणाली, बघ जरा. माझी सही त्यावर चालणार नव्हती. मी शीर्षक हाताने झाकून मजकूर वाचला. चूक नव्हती. आजही तिच्या फाइलीत काही सापडलं नाही की माझा थोडा हिरमोड होतो. “बरोबर आहे,” मी म्हटलं आणि फाइल खिडकीकडे परत केली.