बादलीभर नैवेद्य

वडिलांनी गळ्यात माळ घातली तेव्हा मी चौथीत होतो. त्या दिवसापासून आमच्या घरात मटण-मासे बंद झाले. निफाडजवळच्या आमच्या वस्तीवर पाहुणे यायचे, तोंड वाकडं करून वांग्याची भाजी खायचे, पण वडील बधले नाहीत. त्यांनी मला शिकवलं. मी घरातला पहिला पदवीधर, नाशिक रोडला सरकारी कचेरीत लागलो. डबा खाताना शेजारी कुणी अंडं काढलं की मी खुर्ची जरा सरकवून बसायचो, आणि कुणी विचारलंच तर जीवदयेवर दोन वाक्यं बोलायचो. आपण मांस खात नाही, म्हणजे आपल्या हातून कुठल्या जिवाला त्रास होत नाही, असं मी धरून चाललो होतो.

वडिलांचं वर्षश्राद्ध गावी झालं. त्यानंतरची पहिली सर्वपित्री अमावस्या मी माझ्या फ्लॅटवर करायची ठरवली. खीर, वडे, कढी, भात, पुरणपोळ्या, गवारीची भाजी, सगळं केलं. कचेरीतल्या आठ जणांना जेवायला बोलावलं होतं. तिघेच आले.

"त्यांच्याही घरी आज पितर असणार, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही," बायको म्हणाली. "आता हे एवढं कोण खाणार?"

वडिलांच्या नावानं शिजवलेलं अन्न टाकून द्यायचं माझ्या जिवावर आलं. मी उरलेलं सगळं स्टीलच्या बादलीत भरलं आणि कॉलनीतल्या देवळाकडे निघालो. तिथे एक मावशी रोज गाय घेऊन बसायची. लोक तिच्याकडून हिरव्या घासाची पेंढी घेत आणि गाईला घालत. त्यावर आणि गाईच्या दुधावर तिचं घर चालायचं.

त्या दिवशी गाईपुढे पत्रावळींची रांगच होती. मावशी प्रत्येकाला सांगत होती, "पोळीचा तुकडा लावा तोंडाला, बास. बाकीचं मला द्या, मी बघते." मला पाहून ती म्हणाली, "दादा, जरा नजर ठेवा. हिच्यासाठी पानी आनते."

ती नळाकडे गेली आणि मी बादली गाईपुढे ठेवली.

शिजलेलं अन्न पोटभर खाल्लं की गाईचं काय होतं, हे मला माहीत होतं. पोळ्याच्या दिवशी वडील बैलांना पुरणपोळीची कोर भरवायचे आणि लगेच वैरण टाकायचे. मी आणखी एक मागितली की म्हणायचे, "आपल्या हौशीनं त्याचं पोट फुगंल. मग रडत बसशील." शेजारच्या शेतकऱ्याचा बैल तसाच गेलेला मी पाहिला होता. तरी मी बादली ठेवली. वरच्या मजल्यावरच्या आजी मागे उभ्या होत्या. "एवढ्या श्रद्धेनं आजकाल कोण करतं हो," त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं. गाय तळापर्यंत चाटून खात राहिली आणि मला वाटत राहिलं, वडिलांना पोचतंय. मावशी लांबून येताना दिसली तसा मी घरी निघालो.

संध्याकाळी देवळाजवळ गर्दी दिसली. गाय आडवी पडली होती, डावी कूस नगाऱ्यासारखी फुगलेली. मावशी तिचं पोट चोळत होती. ओळखीच्या गुरांच्या डॉक्टरांना मीच फोन केला. ते आले, कुशीवर बोटांनी वाजवून पाहिलं आणि विचारलं, "काय खाल्लंय? किती?"

"आज समदेच घालत्यात साहेब," मावशी म्हणाली. "पानी आनायला गेले तेवढीच हलले मी."

"नक्की कळलं असतं तर बरं झालं असतं," डॉक्टर पिशवीतून नळी काढत म्हणाले.

मी त्यांच्यासाठी टॉर्च धरून उभा होतो. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आजीही तिथेच होत्या, कॉलनीतच राहणारा कचेरीतला एक जण होता. मी टॉर्च जरा खाली धरला.

गाय वाचली. पाचव्या दिवशी उभी राहिली. दूध मात्र निम्म्यावर आलं, ते काही वाढेना. मावशी भेटेल त्याला सांगायची, "या दादांनी डाक्टर बोलावला म्हनून माझी गाय ऱ्हायली." एकदा भर रस्त्यात तिनं मला हात जोडले. मी "असू द्या" म्हणालो आणि त्यानंतर देवळाच्या मागच्या रस्त्यानं ये-जा करू लागलो.

दसऱ्यानंतरच्या एकादशीला मात्र गेलो. ती पेंढ्या बांधत होती.

"मावशी, त्या दिवशी गाईला बादलीभर जेवण मी घातलं."

"ठावं हाय मला," ती मान वर न करता म्हणाली. "बादली तुमी हितंच इसरले व्हते. दुसऱ्या दिशी मीच घासून तुमच्या दाराशी ठिवली."

ती बादली बायकोनं आणली असेल असं मी समजलो होतो. बायको समजली होती मी आणली.

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"तुमीच टॉर्च धरून उभे. चारचौघांत काय सांगायचं? अन् तुमी शेहरातली शिकलेली मानसं. तुमाला काय ठावं गुरांचं. भक्तीनं घातलंत."

तिथे थांबलो असतो तर सगळं मिटलं असतं. तिनं माझ्यासाठी वाट करून दिली होती, आणि ती वाट खोटी होती.

"आमच्या घरी दोन बैल आणि एक गाय होती, मावशी," मी म्हणालो. "मला माहीत होतं."

तिचे हात थांबले. पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"मग?" ती म्हणाली.

खाली वाकून मी एक पेंढी उचलली आणि गाईपुढे धरली. मावशी उठली, ती पेंढी माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच्या हातानं, थोडी थोडी सोडवून, गाईला घालू लागली.