बंगल्यातले बोंबील

वैशाखात शाकारणीसाठी कौलं उतरवली की माळ्यावरून वटवाघळांच्या लेंड्यांचा आंबूस, उग्र दर्प खाली झिरपायचा आणि करवंदांच्या वासाने भरलेली मुरबाडकडची सकाळ नासून जायची. शहापूरच्या कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. सुटीत मात्र नाकाला फडकं बांधून ती काळी रास घमेल्यात भरत असे.

इंग्रजी अमदानीत शिकारीसाठी बांधलेला हा बंगला. शेवटच्या मालकीणबाईंना मूलबाळ नव्हतं. जाताना त्यांनी तो माझ्या बाबांच्या नावे केला, कारण जन्मभर राखण त्यांनीच केली होती. पण मालक झाल्यावरही बाबा मागच्याच दाराने आत जात, बाईंची पितळी पिकदाणी चिंचेने घासत, आणि आम्ही तिघं मागच्या पत्र्याच्या खोलीत उकडत राहत होतो. त्या लखलखीत पिकदाणीची, आणि ती घासणाऱ्या बाबांचीही, मला लेंड्यांहून जास्त किळस वाटे. बोलायचा धीर मात्र कधी झाला नाही.

त्या वर्षी खोलीतली चूल खचली, तेव्हा आई सुक्या बोंबलांची टोपली घेऊन सरळ बंगल्याच्या स्वयंपाकघरात शिरली.

"इथं नको गो," बाबा दारातून म्हणाले. "ह्या घरात कदी सुकं भाजलं नाय. बाईंना वास खपत नसं."

"बाई गेल्या. आता घर कोनाचं?"

"आपलंच. पन..."

"वटवाघळांचं हगनं चालतं तुमाला, माझा बोंबील नाय चालत?"

मला आलेलं हसू मी कसंबसं दाबलं.

बोंबील निखाऱ्यांवर पडले. अर्ध्या उघड्या छपरातून उतरणाऱ्या तिरप्या उन्हात तो खारट, करपट, भूक चाळवणारा धूर निळसर होऊन खोल्याखोल्यांतून हिंडू लागला, आणि त्या घराला प्रथमच राहत्या घराचा वास आला. बाबा उंबऱ्याशी घुटमळले, मग आत येऊन बसले. मीही बसलो, दोघंही भिंतीला पाठ न लावता, अंग चोरून. आई मात्र ऐसपैस मांडी घालून जेवत होती. माझ्या हातून बोंबलाचा तुकडा फरशीवर पडला आणि कुणी काही म्हणायच्या आत मी तो तेलकट डाग शर्टाच्या बाहीने घाईघाईने पुसून काढला.

वर पाहिलं, तर बाबाही त्याच जागेकडे पाहत होते. इतकी वर्षं त्यांच्यासाठी मनात सांभाळलेली किळस आता कुठे ठेवावी, मला कळेना.